सुई मधोमध होती, पण कुणाची?

व्हीओआर (दिशा सांगणारं रेडिओ स्टेशन), डीएमई (स्टेशनपासूनचं अंतर सांगणारं) आणि आयएलएस (धावपट्टीवर उतरायला मदत करणारे रेडिओ सिग्नल) ही विमानाला वाट दाखवणारी साधनं म्हणजे काय, हे वाचूनच आला असाल. ते परत उगाळत नाही. मी जिथे तीन महिने अडकले, तेवढंच सांगते.

सिम्युलेटरमधलं सेसना १७२ हे छोटं विमान, जी१००० हे स्क्रीनवालं पॅनल. धावपट्टी १० नॉटिकल मैलांवर, तिच्यापेक्षा मी ३००० फूट वर. ३ अंशांचा उतार म्हणजे मैलाला साधारण ३१८ फूट, त्यामुळे उंचीही ठीक. आयएलएसची फ्रिक्वेन्सी लावलेली, ठरलेल्या रेघेच्या डावी-उजवीकडे किती सरकलो ते दाखवणारी सुई मधोमध, ऑटोपायलटचं एपीआर (अप्रोच) बटण दाबलेलं. ग्लाइडस्लोपचा, म्हणजे आयएलएसच्या उतरत्या वाटेचा, हिऱ्यासारखा खुणेचा ठिपका मात्र येईना. विमान त्याच उंचीवरून धावपट्टी ओलांडून गेलं. एकदा नाही, सात-आठ वेळा.

सुई गुलाबी होती. म्हणजे जीपीएसची.

फ्रिक्वेन्सी लावली की फक्त रिसीव्हर त्या स्टेशनवर जातो. सुईने कुणाचं ऐकायचं, ते सीडीआय हे सुईचा स्रोत बदलणारं बटण ठरवतं. गुलाबी असेल तर जीपीएस, हिरवी असेल तर व्हीओआर किंवा लोकलायझर (आयएलएसचा धावपट्टीची दिशा दाखवणारा सिग्नल). माझी जीपीएसची रेघही त्याच धावपट्टीवर जात होती, म्हणून सुई मधोमध राहिली आणि मी गाफील. सुई भलतीकडे गेली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं! आधी रंग बघा, मग सुई. फ्रिक्वेन्सी स्टँडबायमध्येच, म्हणजे चालू न होता नुसती राखीव जागेत, राहिली नाही ना, तेही बघा, आणि स्टेशनची ओळख सांगणारा मोर्स ऐका. कंटाळा येतो, तरी ऐका.

‘एपीआर दाब, बाकी ते बघेल’ असं सांगणाऱ्या गुरूंपासून चार हात लांब राहा. मलाही असाच एक भेटला होता. आधी जुन्या गोल डायलवर, ऑटोपायलट बंद ठेवून व्हीओआर उडवा.

लोकलायझरवर सुई नाचायला लागली तर हातांना दोष देऊ नका. व्हीओआरवर ती पूर्ण कडेला जायला १० अंश लागतात, इथे साधारण अडीचच. सगळ्यांचीच नाचते. ओबीएस (व्हीओआरसाठी दिशा निवडायची खुंटी) फिरवून ती सुधारत नाही, तो खटाटोप मी करून चुकलेय.

ग्लाइडस्लोप मात्र खालूनच पकडा. वरून झेपावलात तर ९ अंशांच्या आसपासचा खोटा उतार गाठ पडू शकतो.

हिरव्या सुईसोबत हिरा पहिल्यांदा वरून खाली सरकताना दिसला, तेव्हा मी बघतच बसले आणि थ्रॉटल कमी करायचं राहून गेलं.