पातळ कड जपा: पितळी सिग्नल केबिन बांधताना आणि रंगवताना

मॉडेल रेल्वेची इमारत पुठ्ठ्याची होते, प्लॅस्टिकची होते, हल्ली लेझरनं कापलेल्या लाकडाचीही होते. सिग्नल केबिनसाठी, म्हणजे जिथून लिव्हर ओढून सिग्नल आणि रूळ हलवतात त्या इमारतीसाठी, मात्र मी पितळच घेतो, आणि ते खिडक्यांसाठी. केबिनच्या वरच्या मजल्यावर भिंत थोडी आणि काच जास्त. खऱ्या खिडकीत काच धरणारी लाकडी पट्टी साधारण इंचभर रुंद असते. फुटाला 4 मिलिमीटर, म्हणजे 1:76 च्या मापात, ती उरते मिलिमीटरचा एक तृतीयांश. साच्यातल्या प्लॅस्टिकला इतकं बारीक जाणं अवघड पडतं आणि पुठ्ठ्याची कड फुलते. पितळ ही पट्टी सरळ, धारदार आणि मजबूत देतं. ती कड रंगाच्या शेवटच्या हातापर्यंत टिकली पाहिजे. जास्तीचा डाख (धातूचे तुकडे जोडायला वितळवतात तो सोल्डर) आणि जाड रंग हे तिचे दोन वैरी. खाली जे सांगतोय ते सगळं या दोघांना लांब ठेवण्यासाठी.

माझी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात झाली, लिव्हर फ्रेमच्या, म्हणजे केबिनमधल्या लिव्हरांच्या रांगेच्या, तेलपाण्यात बरीच वर्षं गेली. त्यामुळे कुठल्याही स्टेशनचा फोटो पाहिला की माझी नजर आधी केबिनवर जाते. इथे उदाहरणाला इंग्लंडमधल्या मिडलँड रेल्वेची केबिन घेतोय. या केबिनचे ठरावीक मापाचे लाकडी भाग डर्बीच्या कारखान्यात तयार व्हायचे आणि जागेवर नेऊन जोडले जायचे. चारी बाजूंना उतरतं छप्पर, आढ्याच्या दोन्ही टोकांना कळस, आणि खिडक्यांचे वरचे कोपरे तिरके कापलेले. सेटल ते कार्लाईल मार्ग प्रवाशांसाठी 1876 मध्ये खुला झाला. त्यावरच्या सेटल स्थानकात 1891 सालची अशी केबिन अजून जपून ठेवलेली आहे आणि तिचे फोटो भरपूर मिळतात. किटचं पाकीट फोडण्याआधी हे फोटो जमवा. जिना कुठल्या टोकाला, शेगडीचं धुराडं कुठून बाहेर येतं, पन्हळीचं पाणी कुठे उतरतं, हे किटच्या कागदावर क्वचितच नीट सांगितलेलं असतं.

पत्रा वाचायला शिका

किटमध्ये केबिनचे सगळे भाग एका सपाट पितळी पत्र्यात, चौकटीला बारीक खुंटांनी धरलेले येतात. असा पत्रा कसा तयार होतो ते कळलं की निम्मी घडी आपोआप कळते. पितळेच्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी प्रकाशाला प्रतिसाद देणारा थर देतात, त्यावर चित्र उमटवतात आणि मग फेरिक क्लोराइडनं उघडं पितळ खातात. दोन्ही बाजूंनी उघडं असेल तिथे पत्रा आरपार कापला जातो. एकाच बाजूनं उघडं असेल तिथे तो अर्ध्या जाडीपर्यंतच खाल्ला जातो. ही अर्धी रेघ दोन कामं करते. भिंतीच्या दर्शनी बाजूला ती फळ्यांमधला सांधा दाखवते, आतल्या बाजूला ती घडीची खूण असते. 0.4 मिलिमीटरच्या पत्र्यात फळ्यांच्या सांध्याची खोली जेमतेम 0.2 मिलिमीटर असते. रंगाचे दोन-तीन जाड हात बसले की ती बुजलीच म्हणून समजा.

सगळे भाग एकदम कापून ठेवू नका. चौकटीत असेपर्यंत ते हरवत नाहीत, वाकत नाहीत, आणि त्यांचे नंबरही दिसतात. लागेल तो भाग त्या वेळी काढा. काढताना पत्रा काचेवर किंवा फरशीच्या तुकड्यावर ठेवा आणि छिन्नीसारखं पातं भागाच्या अगदी लगत सरळ खाली दाबा. लाकडावर ठेवून कापलं तर पातं खाली रुततं आणि कड वाकते. उरलेला खुंट बारीक कानशीनं काढा. कानस कडेच्या लांबीनं चालवा, आडवी नको. आडवी कानस खिडकीच्या पट्टीत अडकली की पट्टी गेली.

कापण्याआधी अख्खा पत्रा दोन्ही बाजूंनी स्वच्छ करून घ्या. घरात देवाची भांडी घासायला पितांबरी असतेच, तिनंच जुन्या मऊ टूथब्रशनं हलक्या हातानं घासा. नंतर वाहत्या पाण्याखाली पुन्हा पुन्हा धुवा, कारण पावडर अर्ध्या रेघांत दडून बसते. फायबरग्लासची पेन्सिलही छान काम करते, पण तिचे तंतू बोटात घुसतात. हातमोजे घाला आणि काम झालं की टेबल कोरड्या फडक्यानं न झाडता ओल्या फडक्यानं पुसा.

घडी आणि डाख

घडीचा नियम सोपा आहे: घडीची अर्धी रेघ आतल्या अंगाला येते. एखाद्या किटमध्ये उलटं असेल तर सूचनेत तसं लिहिलेलं असतं. फोल्डिंग बार नसेल तर व्हाइसच्या जबड्यात दोन पोलादी पट्ट्यांमध्ये पत्रा धरा, रेघ पट्टीच्या काठाशी अचूक जुळवा आणि तिसऱ्या पट्टीनं पूर्ण लांबीवर एकदम दाब द्या. बोटानं वाकवलं तर मधे पोट येतं. घडी एकदाच आणि ठामपणे. पुढे-मागे केली तर अर्ध्या जाडीचं पितळ तुटतं.

डाख देण्यासाठी तापमान ठरवता येणारं, 50 वॅटच्या आसपासचं सोल्डरिंग आयर्न घ्या. पितळ उष्णता भराभर ओढून नेतं, त्यामुळे लहान आयर्न सांध्यावर फार वेळ टेकवावं लागतं आणि तोवर शेजारचा सांधा सुटतो. मोठं, गरम टोक आणि क्षणभराचा स्पर्श, हे जमलं पाहिजे. नेहमीचा 60/40 डाख (60 टक्के कथील, 40 टक्के शिसं) 190 अंशांच्या आत वितळतो, मुख्य कोपऱ्यांना तो चालतो. नंतर लागणाऱ्या बारीक भागांना 145 अंशांचा डाख मिळाला तर जरूर घ्या. आधीचा सांधा न हलता नवा भाग बसतो. फ्लक्स, म्हणजे डाख धातूला नीट धरावा म्हणून आधी लावायचं द्रव, फॉस्फोरिक आम्लाचा, पातळ, ब्रशनं लावायचा. खिडकी उघडी ठेवा, पंख्यानं वाफ बाहेर घालवा, आणि डाखात शिसं असतं म्हणून हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावू नका.

पत्र्यावर पत्रा बसवायचा असेल तिथे मागच्या भागाला आधी डाखाचा पातळ हात द्या, पातेल्याला कल्हई करतात तसा. सगळीकडे सारखा, कुठेही थेंब नाही. मग वर फ्लक्स लावा, दुसरा भाग ठेवा, लाकडी चिमट्यांनी धरा आणि वरून गरम टोक फिरवा. कडेशी एक बारीक चमकती रेघ दिसली की सांधा झाला. लोखंडी चिमटे उष्णता ओढून घेतात, म्हणून कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे माझ्या टेबलावर कायम असतात.

चार भिंतींचा डबा उभा करताना पहिला कोपरा फक्त दोन ठिपक्यांनी धरा. गुण्या लावून पाहा. काटकोनात नसेल तर एक ठिपका गरम करून सरळ करा. चारही कोपरे बरोबर आले, डबा काचेवर न डुगडुगता बसला, मगच आतून पूर्ण सांधा भरा. डाख नेहमी आतून. बाहेर आलाच तर तांब्याच्या जाळीच्या पट्टीनं शोषून घ्या, उरलेला पात्यानं खरवडा. फळ्यांच्या रेघांत शिरलेला डाख सुईच्या टोकानं काढावा लागतो, आणि त्यात कोपऱ्याला लागला त्याच्या दुप्पट वेळ जातो.

जिना हे या इमारतीतलं सगळ्यात नाजूक काम. दोन्ही बाजूंच्या तिरप्या पट्ट्यांत पायऱ्यांच्या खाचा असतात. आधी सर्वांत वरची आणि सर्वांत खालची पायरी बसवून जिना पिळलेला नाही ना ते बघा, मग मधल्या भरा. आधीची पायरी सुटू नये म्हणून तिच्यावर ओल्या टिश्यूचा बोळा ठेवा. कठडा जिन्याबरोबर डाखायचा, पण जिना केबिनला रंगानंतर जोडायचा. जिन्यामागच्या भिंतीपर्यंत ब्रश पोचत नाही.

खिडक्या आणि छप्परही शेवटपर्यंत सुटेच राहू देत. खिडकीच्या बाहेरची चौकट आणि आतली सरकती तावदानं एकमेकांवर डाखून घ्या, म्हणजे खऱ्यासारखी खोली येते, पण भिंतीत बसवू नका. कळस आणि धुराडं बहुतेक किटमध्ये मऊ पांढऱ्या धातूचं ओतीव असतं. नेहमीच्या आयर्नखाली ते बघता बघता वितळतं. त्याला सरळ अ‍ॅराल्डाइट लावा.

रंगाआधीची आंघोळ

रोज काम थांबवलं की त्याच रात्री इमारत धुवायची. फ्लक्सचं आम्ल राहिलं तर सकाळी हिरवट डाग दिसतो आणि पुढे त्यावरचा रंग फुगून निघतो. कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा, मऊ ब्रश, मग भांड्याच्या साबणाचा एक हात, आणि शेवटी साधं पाणी भरपूर. वाळल्यावर उघड्या बोटांनी धरू नका. बोटाचं तेल जिथे लागतं तिथूनच पुढे रंग सोलतो.

पितळेवर साधा प्रायमर नीट धरत नाही. त्यातल्या आम्लामुळे धातूला चिकटणारा प्रायमर लागतो. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात एच (etch) प्रायमर किंवा वॉश प्रायमर म्हणून मागा. दोन डब्यांचा असेल तर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळा आणि तो मारताना गाळणीचा मास्क घाला, नुसता रुमाल पुरत नाही. त्याचा हात इतका पातळ असावा की खालचं पितळ किंचित जाणवलं पाहिजे. त्यावर फिकट राखाडी प्रायमरचा एक धुक्यासारखा हात. पावसाळ्यात हे काम मी करतच नाही. पुण्यात काय आणि ठाण्यात काय, दमट हवेत फवारलेला थर पांढुरका पडतो. दिवाळीनंतरची कोरडी हवा यासाठी सर्वांत चांगली.

प्रायमर वाळला की इमारत दिव्याखाली तिरपी धरून बघा. पितळेवर न दिसलेला डाखाचा प्रत्येक उंचवटा आता दिसेल. आताच घासा आणि तेवढ्याच जागी पुन्हा प्रायमर मारा.

क्रीम आधी, मरून नंतर

सेटल ते कार्लाईल मार्गावर आज ओळखीची झालेली जोडी म्हणजे क्रीम भिंती आणि मरून चौकटी. फिकट रंग आधी. एअरब्रशला 0.3 मिलिमीटरचं टोक, दाब 15 ते 20 पीएसआय. रंग इतका पातळ करा की वाटीच्या कडेवरून सरकन ओघळला पाहिजे. पहिल्या हातात भिंत ठिपक्याठिपक्यांची दिसेल, दुसऱ्यात भरत येईल, तिसऱ्यात पुरी होईल. एकाच हातात झाकायची घाई केली की फळ्यांचे सांधे भरतात. बाटलीतला नवा कोरा क्रीम सरळ वापरू नका, त्यात थोडा राखाडी टाका. लहान मापात शुद्ध रंग भडक दिसतो.

एअरब्रश नसला तरी अडत नाही. चांगला, रुंद, मऊ सिंथेटिक ब्रश घ्या, पातळ अ‍ॅक्रिलिक फळ्यांच्या दिशेनं ओढा आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. वेळ जास्त लागतो, कड मात्र तितकीच जपली जाते. मरून पट्ट्या हातानंच रंगवायच्या. ब्रश आडवा धरून त्याच्या कुशीनं उंच कडेवर ओढला की रंग फक्त कडेवर बसतो, टोकानं रंगवला तर खाचेत उतरतो.

खिडक्या रंगवून वाळल्या की मागून 0.25 मिलिमीटरची पारदर्शक शीट लावा. तिथे फेविक्विक नको, त्याच्या वाफेनं काच धुरकटते. फेविकॉलचा सुईच्या टोकावर मावेल एवढा ठिपका कोपऱ्यात पुरे, वाळल्यावर तो दिसत नाही. एकदोन तावदानं थोडी सरकवलेली दाखवा. उन्हाळ्यात केबिन कुणी बंद ठेवत नाही.

आता माझा आवडता भाग. इतक्या काचा असताना आत रिकामं ठेवणं मला पटत नाही. लिव्हर फ्रेम वेगळी मिळते, नसेल तर 0.45 मिलिमीटरची तार कापून करा. ब्रिटिश पद्धतीत थांबा सिग्नलचा लिव्हर लाल, पुढच्या थांबा सिग्नलची आगाऊ सूचना देणाऱ्या डिस्टंट सिग्नलचा पिवळा, गाडीचा रूळ बदलणाऱ्या सांध्यांचा काळा, सांधे जखडणाऱ्या कुलपाचा निळा आणि वापरात नसलेला पांढरा. हे रंग ओळीत कसेही भरू नका. तुमच्या लेआउटवर त्या स्टेशनात जेवढे सिग्नल आणि सांधे आहेत तेवढेच लिव्हर त्या रंगांचे, बाकी पांढरे. लिव्हरची मूठ चकचकीत पोलादी असते, तिला रंग द्यायचा नाही. घामानं गंज चढू नये म्हणून केबिनमन ती फडक्यानं धरतो. टिश्यूचा कणभर तुकडा पातळ फेविकॉलमध्ये भिजवून एका लिव्हरवर टाकला की केबिनमध्ये माणूस असल्याचं कळतं, पुतळा ठेवला नाही तरी.

छपराची स्लेट एकाच राखाडीत रंगवून वर इकडेतिकडे काही पाट्या निळसर, काही तपकिरी करा, फरक अगदी थोडा ठेवा. मग ऑइल पेंटमधला रॉ अंबर आणि काळा भरपूर पातळ करून छपरावरून खाली ओघळू द्या आणि वरचा भाग कोरड्या ब्रशनं टिपून घ्या. धुराड्याभोवती काजळी, पन्हळीखाली पाण्याचे ओघळ, पायऱ्यांच्या मधोमध बुटांनी झिजलेलं लाकूड. भिंतीवर हात आवरता घ्या, केबिनमन आपली केबिन स्वच्छ ठेवतात.

शेवटी मॅट वार्निश, पण खिडक्या बसवण्याआधी. छप्पर चिकटवू नका, आतून दोन पट्ट्या लावून नुसतं अडकतं ठेवा, पुढे दिवा बसवायचा झाला तर उघडता येईल. आणि केबिन लेआउटवर ठेवताना पायाखाली फट दिसू देऊ नका. जमिनीत तिच्या मापाचा उथळ खड्डा करा, ती दोन मिलिमीटर आत बसवा, आणि कडेनं बारीक राख व माती भरून पातळ फेविकॉल सोडा.