जुना डेटा हलवण्याआधी क्वेरी बघा

डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारे, म्हणून कामाला लागलात की कधी ना कधी हे ऐकायला मिळतंच: टेबल फुगलंय, डिस्क भरत आलीय, आणि पुसायचं मात्र काहीच नाही. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं 8 आर्थिक वर्षं सांभाळावी लागतात, त्यामुळे ते बरोबरही असतं. मग मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं, "जुनं एस-थ्रीवर (ॲमेझॉनच्या क्लाउड साठवणीत) टाका ना, स्वस्त पडतं." टाकता येतं. पण जुना डेटा कोण, कधी आणि कसा मागतं हे आधी शोधा.

मी पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करते, म्हणून उदाहरणं तिथलीच. सुरुवात पार्टिशनिंगपासून, म्हणजे एका मोठ्या टेबलाचे आतून तुकडे करण्यापासून. आवृत्ती 10 (2017) पासून ते टेबल बनवतानाच सांगता येतं. महिन्यावार पार्टिशन असेल तर जुना महिना काढायला भलामोठा डिलीट चालवावा लागत नाही. डिलीटने ओळी मेल्या तरी साध्या व्हॅक्यूमनंतरही (मेलेल्या ओळींची जागा पुन्हा वापरायला मोकळी करणारी साफसफाई) फाइलचा आकार सहसा तेवढाच राहतो. पार्टिशन डिटॅच करून, म्हणजे मूळ टेबलापासून सोडवून, बाजूला काढणं कितीतरी हलकं. एक अट मात्र नव्यांना हमखास आडवी येते: प्रायमरी कीमध्ये (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) पार्टिशनचा कॉलम घ्यावाच लागतो.

आता एक्स्प्लेन लावून बघा; क्वेरी कशी चालणार याचा आराखडा ते दाखवतं. रिपोर्टवाल्याने तारखेच्या कॉलमवर डेट-ट्रंक (तारीख महिन्यापर्यंत छाटणारं फंक्शन) लावून मार्च महिना मागितला, तर आराखड्यात अपेंडखाली, म्हणजे तुकडे एकत्र जोडण्याच्या पायरीखाली, झाडून सगळी पार्टिशन्स दिसतील. तीच अट "1 मार्चपासून, 1 एप्रिलच्या आत" अशी थेट कॉलमवर लिहिली की एकच उरतं. सगळं एका डिस्कवर असताना हा फरक खपून जातो. जुनी वर्षं एस-थ्रीसारख्या ऑब्जेक्ट स्टोरेजवर गेली की तीच क्वेरी नेटवर्कवरून सगळं ओढून आणते, आणि बिलात दिसते.

फॉरेन टेबल, म्हणजे ज्याचा डेटा डेटाबेसच्या बाहेर असतो असं टेबल, पार्टिशन म्हणून जोडता येतं, पण मूळ टेबलावर युनिक इंडेक्स (एकच किंमत दोनदा येऊ न देणारा) असेल तर पोस्टग्रेस नकार देतं. आणि प्रायमरी की म्हणजे युनिक इंडेक्सच. म्हणून मी जुना डेटा पार्के या फाइल प्रकारात काढून वेगळा ठेवते आणि वर युनियन ऑलचा व्ह्यू देते, म्हणजे नवं-जुनं एकाच टेबलासारखं दिसतं. दिसायला ओबडधोबड, पण कुठली ओळ कुठून येते ते कळतं. आपोआप सगळं सांभाळणाऱ्या सोयींवर माझा फारसा भरवसा नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर 2016 मध्ये जुन्या ओळी आपोआप क्लाउडवर हलवणारा स्ट्रेच डेटाबेस आला, आणि 2022 च्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टनेच तो कालबाह्य ठरवला.

ग्लेशियर डीप आर्काइव्हचा (एस-थ्रीचाच सगळ्यात स्वस्त वर्ग) दर बघून हुरळू नका. तिथून साध्या पद्धतीने डेटा परत मिळायला 12 तासांपर्यंत लागतात, आणि 180 दिवसांच्या आत पुसलात तरी पूर्ण 180 दिवसांचे पैसे जातातच. ऑडिटर दुपारी मागतो आणि त्याला संध्याकाळी हवं असतं.

आणि हो, पार्के फाइलींसोबत त्या वेळची मास्टर टेबलंही, म्हणजे कोडचे अर्थ सांगणारी टेबलं, काढून ठेवा. स्टेटस 4 म्हणजे "रद्द" की "परतावा", हे सांगणारं टेबल मधल्या काळात कोणीतरी बदललेलं असतं.