शेळीचं तोंड कोंबडीच्या मॅशमध्ये जाऊ देऊ नका

मृग लागला की शेळ्या दोन-दोन दिवस वाड्यातच अडकतात. बाहेर चिखल, पाला तोडून आणायला सवड नाही, आणि त्याच पत्र्याखाली कोपऱ्यात कोंबड्यांच्या मॅशचं, म्हणजे भरडलेल्या खाद्याचं, पोतं. माण-खटावच्या गावांत पहिल्या पावसानंतर "शेळी अचानक गेली, काय रोग आला कळंना" असं कुणी म्हणालं की मी आधी पोतं बघतो. बऱ्याचदा शिवण उसवलेली असते आणि पोत्याच्या तोंडाला लाळ वाळलेली असते. माझी स्वतःची दुसऱ्या वेताची संगमनेरी अशीच गेली. रात्री दावं सुटलं होतं, एवढंच.

मॅशमध्ये मुख्य भाग मक्याच्या भरड्याचा. उपाशी शेळीनं तो एकदम दीड-दोन किलो खाल्ला की पोटात आंबतो, आम्ल वाढतं, रवंथ थांबतो. लक्षणं साधारण 12 ते 36 तासांत दिसतात: डावी कूस भरते, मुठीनं दाबली की आत पाणी हिंदकळतं, आंबट वासाची पातळ हगवण, दात खाणं, झिंगल्यासारखी चाल. याच हावऱ्या खाण्यानं आंत्रविषार, म्हणजे आतड्यात विष तयार होणारा रोगही उसळतो, आणि तो तर सकाळ-संध्याकाळचंही अंतर देत नाही.

खाताना सापडली तर उरलेलं धान्य लगेच उचला, फक्त कोरडा कडबा ठेवा, पाणी भरपूर पिऊ देऊ नका. वीस-पंचवीस किलोच्या शेळीला 15 ते 20 ग्रॅम खाण्याचा सोडा अर्धा लिटर कोमट पाण्यात, डोकं फार वर न करता हळूहळू पाजा आणि डॉक्टरांना लगेच बोलवा. दुकानात गेलात तर लिव्हर टॉनिकची बाटली हातात पडेल. आंबलेल्या पोटावर तिचा काडीचा उपयोग नाही. दहा रुपयांचा सोडा घरात ठेवा.

पण खरं काम आधीचं: कोंबडीलाच खाता येईल असा कप्पा. सध्या पेडलचे महागडे फीडर खपवतायत, कोंबडी पाटीवर चढली की झाकण उघडतं. कोंबडी दीड किलोची, पंधरा दिवसांचं करडू तिच्या दुप्पट. त्यानं पाय ठेवला की झाकण उघडलंच! वजनावर जनावर ओळखता येत नाही. अंगाची ठेवण आणि चाल यांवर येतं.

मी केलेला कप्पा सांगतो. भिंतीच्या कोपऱ्यात जाळी किंवा फळ्यांची खोली, वर छत. जमिनीपासून तीन फुटांवर उभी फट, साडेचार इंच रुंद, फूट-सव्वा फूट उंच. मोठ्या शेळीचं डोकं तेवढ्या रुंदीत जात नाही, गावरान कोंबडी अंग चोरून जाते. करडाचं डोकं मात्र जातं, म्हणून उंची हवी. फटीबाहेर अंगठ्याएवढी गोल काठी आडवी बांधा. चपटी फळी लावली तर करडू तीवर उभं राहतं, मी ती चूक केली. गोल काठीवर खूर घसरतो, कोंबडीची बोटं पकडतात. आत मॅशची पाटी फटीपासून तीन फूट दूर ठेवा.

माप आपल्या सर्वांत जाड कोंबडीवर घ्या. फट तिला अडत असेल तर अर्धा इंच वाढवा, पण मग शिंग नसलेल्या तरण्या शेळीचं डोकं आत अडकतं का तेही बघा. पहिले दोन दिवस कप्पा रिकामा ठेवून कोंबड्यांना सवय लावा. जड ब्रॉयलर इतकं उडत नाहीत, त्यांना वेगळं खुराडंच हवं.

एक माझा अंदाज, पुस्तकात सापडणार नाही: पाऊस यायच्या आदल्या संध्याकाळी शेळ्या खाण्यावर जास्त तुटून पडतात. आभाळ दाटलं की पोत्याची जागा आणि दावी तपासा.

शेळ्यांच्या गव्हाणीवर उतरती फळी ठेवा. कोंबडी बसू शकत नाही, विष्ठा पडत नाही. घाण झालेला खुराक शेळी हुंगून सोडून देते.

बाकी जूनची कामं:
– आंत्रविषार लस: पावसाआधी, दुसरा डोस 14-15 दिवसांनी, मात्रा लेबलप्रमाणे
– पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) लस: 1 मि.ली. कातडीखाली, तीन वर्षांतून एकदा
– जंतनाशक: अल्बेंडाझोल किलोमागे 7.5 ते 10 मि.ग्रॅ., नुकत्याच फळलेल्या (गाभण राहिलेल्या) शेळीला नको
– कडबा पत्र्याखाली
– ओल्या गोठ्यात चुना

मेंढ्या असतील तर आणखी एक. गाईचं मिनरल मिक्श्चर त्यांच्यापुढे उघडं ठेवू नका, मेंढीला तांबं सोसत नाही, ते यकृतात साठतं आणि एके दिवशी लघवी लाल होऊन ती पडते.

आणि वाड्यावर बिऱ्हाड वाहायचं घोडं असेल तर कप्प्याला दार लावाच. कोंबडीच्या काही खाद्यांत रक्ती हगवणीवरचं मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन असतं. कोंबडीला ते चालतं, घोड्याचं हृदय मात्र अशा मॅशनं निकामी होऊ शकतं. पोत्यावर नाव छापलंय का, विकत घेताना वाचा. कडी एकच लावू नका, घोडं ती ओठानं उचलतं. कडीत खिळा घाला आणि खाली तारेचा पीळ द्या.