पाणबुडी शोधायला फिरते सेन्सर टाकताय? आधी पाणी मोजा

पाणबुडी शोधायला फिरत्या सेन्सरचं जाळं टाकायचं म्हटलं की बरेच जण नकाशा उघडून सारख्या अंतरावर ठिपके मारत बसतात. असं करू नका, आधी पाणी मोजा. समुद्रात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो, पण हा वेग तापमान, खारटपणा आणि दाबाप्रमाणे बदलतो आणि आवाज कमी वेगाच्या पाण्याकडे वळतो. वर कोमट आणि खाली एकदम गार पाणी असलं की आवाज खाली वाकतो, मग काही पट्टे असे उरतात की तिथलं वरच्या सेन्सरला जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि चांगला कॅप्टन पाणबुडी नेमकी तिथेच ठेवतो. म्हणून सीटीडी (खोलीप्रमाणे तापमान आणि खारटपणा मोजणारं यंत्र) पाण्यात सोडून खोलीप्रमाणे तापमान-खारटपणा घ्या, सकाळी एकदा आणि दुपारी परत, कारण उन्हाने वरचा थर तापला की चित्रच बदलतं.

फिरत्या सेन्सरचा खरा फायदा इथेच आहे, तापमान जिथे एकदम बदलतं त्या थराच्या वर आणि खाली दोन्हीकडे तो जाऊन ऐकू शकतो. यासाठी ग्लायडर, म्हणजे पाण्याखाली आपोआप फिरणारं छोटं यंत्र, मला सगळ्यात पटतो. त्याला पंखा नसतो, तेल आतबाहेर ढकलून तो बुडतो-वर येतो आणि तिरका पुढे सरकतो, त्यामुळे आवाज फार कमी आणि बॅटरी महिनोन्‌महिने पुरते. पण वेग जेमतेम अर्धा नॉट, प्रवाह जोरात असला तर वाहूनच जातो, म्हणून प्रवाहाच्या वरच्या अंगाला सोडा. तेल ढकलणारा पंप चालू असतानाचं रेकॉर्डिंग बाजूला काढा.

पाण्यात सोडायच्या आधी ओ-रिंगवरून (पाणी आत येऊ न देणारी रबरी कडी) बोट फिरवून बघा, एक केस जरी अडकला असेल तरी खोलवर दाब वाढला की पाणी आत शिरतं.

घड्याळ हा विषय लोक हलक्यात घेतात. 1 मिलीसेकंद चुकलं की अंतरात दीड मीटरचा फरक, आणि असे फरक दिवसभर साठत जातात. जीपीएस पाण्याखाली चालत नाही, त्यामुळे ग्लायडर वर आला की दरवेळी जागा आणि वेळ दोन्ही जुळवून घ्या.

पाण्याखालून पूर्ण ऑडिओ पाठवायच्या भानगडीत पडू नका, ध्वनी मोडेमचा (आवाजातून निरोप पाठवणारं यंत्र) स्पीड फार कमी असतो आणि 3 किलोमीटरवर निरोप पोचायलाच 2 सेकंद लागतात. फक्त वेळ, फ्रिक्वेन्सी, दिशा आणि खात्री किती एवढंच पाठवा, आणि प्रत्येकाला बोलायची वेळ ठरवून द्या नाहीतर निरोप एकमेकांवर आदळतात.

एकाच सेन्सरने काही ऐकलं म्हणून अलार्म देऊ नका, मासेमारीच्या बोटी, देवमासे, पाऊस सगळंच ऐकू येतं. आवाज पोचायच्या वेळेतल्या फरकावरून जागा काढायची तर दोन सेन्सरमधून नुसती एक वक्ररेषा मिळते, निदान तिसरा जुळला की ठिकाण हाती लागतं.

शेवटी एक बोट घेऊन, पाण्यात स्पीकर सोडून, बोटीचा जीपीएस चालू ठेवून जाळ्याभोवती हळूहळू फिरा. जाळं सांगतं ती जागा आणि बोटीची खरी जागा यात जिथे जास्त फरक पडेल तिथला ग्लायडर थराच्या दुसऱ्या बाजूला न्या आणि परत चक्कर मारा.