जेट्टीच्या खांबावरचे परके शिंपले: खरवडू नका, गुदमरवा

खाडीतल्या खांबांवर नखाएवढे काळपट शिंपले घोसाने चिकटलेले दिसले, की हमखास सल्ला मिळतो, ‘खरवडून टाका.’ पाण्यात खरवडलेला शिंपला मरत नाही. तळाशी पडतो, नवे तंतू काढून पुन्हा चिकटतो.

हा मायटिलॉप्सिस सॅली मूळचा कॅरिबियन भागातला. 1960च्या दशकात विशाखापट्टणम बंदरात सापडला, पुढे मुंबईतही. गोड्या पाण्याने धुण्याची आशा सोडा, त्याला ते चालतं. 1999 मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विनच्या मरीना (होड्या ठेवायच्या गोद्या) बंद करून त्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतलं, तेव्हा तो संपला. उघड्या खाडीत मोरचूद ओताल, तर आधी मासे जातील.

म्हणून खांब गुंडाळायचा. आतला ऑक्सिजन संपला की शिंपले मरतात. जेट्टी सरकारी असेल तर आधी परवानगी घ्या. दिवस भांगाचा, म्हणजे कमी भरती-ओहोटीचा धरा, उधाणाच्या ओढीत प्लॅस्टिक हातात राहत नाही. पाण्यात एकट्याने उतरू नका.

मुरघासाचं जाड प्लॅस्टिक चांगलं. शिंपल्यांच्या धारेने ते फाटतं, म्हणून आधी गोणपाटाचा एक फेरा द्या. मग प्लॅस्टिक खालून वर, प्रत्येक फेरा आधीच्यावर निम्मा चढवत, घट्ट. सैल राहिलं की आत पाणी जास्त आणि पाण्याबरोबर ऑक्सिजनही जास्त. दर हातावर नायलॉनची दोरी आवळा, वरचं टोक भरतीच्या रेषेच्या वर न्या.

खरी मेख तळाशी आहे. माझी पहिली खेप तिथेच फसली. प्लॅस्टिक चिखलाच्या वीतभर वर थांबवलं होतं. सव्वा महिन्याने सोडलं, तर वरचे शिंपले मरून उघडलेले आणि खालचे टुणटुणीत! त्या वीतभर फटीतून पाणी खेळत होतं. आता खांबाभोवतीचा चिखल कोपरभर उकरतो, प्लॅस्टिक खाली खोचून दोरीने आवळतो, चिखल परत लोटतो आणि वर वाळूच्या गोणी गोल रचतो. दुसऱ्या दिवशी ओहोटीला पुन्हा चाचपतो. गढूळ पाण्यात डोळ्यांवर विसंबू नका, बोटं फिरवा.

शिंपला कवच मिटून बरेच दिवस तग धरतो, म्हणून महिनाभर हात लावू नका. सोडताना वाऱ्याकडे पाठ करू नका, बाजूला उभे राहा. आधी एका जागी छोटी चीर द्या. आतून काळं पाणी आणि सडक्या अंड्याचा वास आला, तर खाली ताडपत्री धरून खरवडा आणि सगळा कचरा भरतीच्या रेषेच्या वर पुरा. वास नाही आला, तर कुठेतरी फट आहे. चीर चिकटवा आणि पुन्हा तळाशी बोटं फिरवा.