स्वतःचा ट्रॅक्टर पंचायतीच्या कामावर लावलात? सरपंच-सदस्यांनो, या चुका टाळा

ऐन मे महिन्यात गावची पाईपलाईन फुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंचांनी स्वतःचा ट्रॅक्टर आणि टँकर वस्तीवर पाठवला. बाहेरचा टँकरवाला खेपेला 600 रुपये मागत होता, यांनी 400 लावले. आठवड्यानंतर बिलाची वेळ आली तेव्हा ते मला म्हणाले, "भाऊसाहेब, माझ्या नावानं नको, पोराच्या नावानं काढा." मी ग्रामसेवक होतो. मी बिल काढलं.

वर्षभरात जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज गेला. मला प्रोसिडिंग बुक (सभेच्या इतिवृत्ताची वही), रोकडवही आणि प्रमाणकं, म्हणजे खर्चाची व्हाउचर, घेऊन हजर राहावं लागलं. बिल मुलाचं, ट्रॅक्टरचं आरसी बुक वडिलांचं आणि बिलावरचा मोबाईल नंबर सरपंचांचा. तिथे बोलण्यासारखं काही उरलंच नाही. ज्या माणसानं उन्हातान्हात गावाला पाणी पाजलं, त्याचं पद गेलं. त्या प्रमाणकावर माझीही सही होती, म्हणून आज हे लिहितो आहे.

"मी नफा कुठे घेतला?" हा बचाव चालत नाही

सगळ्यात मोठी गल्लत इथे होते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 14 मध्ये सदस्य म्हणून राहण्यास अपात्र कोण, याची यादी आहे. पंचायतीच्या आदेशाने झालेल्या कामात, पंचायतीशी झालेल्या करारात किंवा पंचायतीच्या नोकरीत स्वतःचा वा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा किंवा हितसंबंध असलेली व्यक्ती त्या यादीत येते. काम चांगलं झालं का, दर कमी होता का, गावाचे पैसे वाचले का, हे तिथे कुणी विचारत नाही. भ्रष्टाचार सिद्ध व्हावा लागत नाही. हितसंबंध सिद्ध झाला तरी पुरतो.

म्हणून अडीअडचणीला स्वतःचा ट्रॅक्टर, जेसीबी किंवा मोटर द्यायचीच असेल तर फुकट द्या आणि "विनामोबदला" असं प्रोसिडिंगला लिहून घ्या. डिझेलचे पैसेसुद्धा घेऊ नका. पैसे घ्यायचे असतील तर काम दुसऱ्याला द्या. सिमेंट, पाईप, एलईडी दिवे विकणाऱ्या सदस्यांनाही हेच लागू. आपलं दुकान गावात एकटंच असलं तरी पंचायतीचा माल तालुक्याहून येऊ द्या. भाड्याचे चार पैसे जास्त जातील, ते चालतील.

नातेवाइकाचं नाव म्हणजे ढाल नव्हे

इथे दोन्ही बाजू नीट समजून घ्या, कारण गावात दोन्ही टोकांच्या अफवा असतात. केवळ नातं आहे म्हणून कुणी अपात्र ठरत नाही. विदर्भातल्या एका नगरपालिकेत मुलगा नोकरीला होता, म्हणून वडिलांच्या उमेदवारीवर आक्षेप आला होता. साठच्या दशकातल्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या नात्यावरून हितसंबंध गृहीत धरता येत नाही. म्हणजे भाऊ वेगळा राहतो, त्याचा धंदा वेगळा, खातं वेगळं आणि त्यानं रीतसर निविदा भरली, तर एवढ्यावर तुमचं पद जात नाही.

पण पैसा फिरून तुमच्याच घरात येत असेल तर नाव कुणाचंही असो, कागद बोलतात. बँकेचा उतारा, जीएसटी नोंदणी, दुकानाचा परवाना, गाडीचं आरसी, बिलावरचं अक्षर, सगळं मागवता येतं.

आणि अतिक्रमणाच्या बाबतीत तर नातं सरळ अंगावर येतं. कलम 14 मधल्या ज-3 खाली सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा अपात्र ठरतो. "अतिक्रमण वडिलांनी केलं, मी फक्त राहतो," हा बचाव 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात नाकारला. तुम्ही त्या जागेचा उपभोग घेत असाल तर तुम्हीही त्यात आलात. निवडणुकीचा फॉर्म भरण्याआधी घराचा नमुना 8 चा, म्हणजे पंचायतीतल्या घराच्या करआकारणी नोंदीचा, उतारा काढा आणि गावठाणाच्या नकाशाशी ताडून बघा.

सभेत गप्प बसणं

स्वतःशी संबंधित विषय निघाला की बरेच सदस्य मान खाली घालून बसून राहतात. त्यांना वाटतं, आपण बोललो नाही म्हणजे सुटलो. पण हजेरीवर सही असते आणि ठराव "सर्वानुमते मंजूर" असा लिहिला जातो. त्या सर्वांमध्ये तुम्ही आलात! सूचक किंवा अनुमोदक म्हणून तुमचं नाव पडलं तर विचारूच नका. विषय निघताच उठा, हितसंबंध तोंडी सांगा, बाहेर जा, आणि तसं त्याच वेळी लिहून घ्या. नंतर दोन ओळींच्या मधे बारीक अक्षरात घातलेलं वाक्य वाचवत नाही, उलट बुडवतं.

डोंगल घरच्यांच्या हातात

वित्त आयोगाचा पैसा पीएफएमएस या सरकारी ऑनलाईन पेमेंट प्रणालीवरून निघतो. त्याला सरपंच आणि ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, यांची डिजिटल सही लागते. कित्येक महिला सरपंचांचं डोंगल, म्हणजे डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह, नवऱ्याच्या खिशात आणि पासवर्ड ऑपरेटरच्या वहीत असतो. ताई, सही तुमची, जबाबदारी तुमची. उद्या चौकशीत "मला माहीत नव्हतं" म्हटलं तरी कलम 39 खाली गैरवर्तन किंवा कर्तव्यात हयगय म्हणून पदावरून काढण्याची कारवाई तुमच्यावर होते, घरच्यांवर नाही. डोंगल स्वतःजवळ ठेवा आणि प्रत्येक पेमेंटआधी पैसे कुणाच्या नावावर जात आहेत ते वाचा.

घरपट्टीचंही तसंच. मागणीचं बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर तीही अपात्रता आहे. बिल आलं की भरा आणि पावती जपून ठेवा.

नगरसेवकांसाठी कायदा वेगळा असला तरी सूत्र हेच आहे. महापालिकांच्या 1949 च्या अधिनियमातलं कलम 10 एकदा शांतपणे वाचा.

चूक होऊन गेली असेल तर

बिल अजून निघालं नसेल तर थांबवा आणि लेखी द्या की मोबदला घेणार नाही. पैसे खात्यात आले असतील तर ते परत भरणं योग्यच आहे, पण तेवढ्याने झालेला हितसंबंध पुसला जात नाही, हे मनाशी धरून वकिलाकडे जा. जुनं प्रोसिडिंग खोडू नका, पान बदलू नका. अपात्रतेचं प्रकरण वेगळं आणि खोट्या दस्तऐवजाचा गुन्हा वेगळा, दुसरा जास्त महाग पडतो.

जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज कोणीही करू शकतो, आणि ते स्वतःहूनही प्रकरण घेऊ शकतात. पण तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय निर्णय होत नाही. नोटीस आली की तारीख चुकवू नका. विरोधकांचं राजकारण आहे, एवढंच उत्तर देऊन थांबू नका, कागदाला कागदाने उत्तर द्या. निर्णय विरुद्ध गेला तर अपिलाला फक्त 15 दिवस असतात. आदेशाची नक्कल त्याच दिवशी मागा.