वास जाईना, कारण मीच आतून धूत होते

दर पाळीनंतर योनीतून मासळीसारखा वास आणि पातळ, राखाडी स्राव. खाज जवळजवळ नाहीच. सुगंधी वॉश झाला, बुरशीचं मलम झालं, चार दिवसांत वास परत. अक्षरशः वैतागले होते.

शेवटी डॉक्टरांनी स्राव कागदी पट्टीवर टेकवला: पीएच ४.५च्या वर, म्हणजे आम्लता कमी झालेली. मायक्रोस्कोपखालीही पाहिलं. बुरशी नव्हे, बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जीवाणूंचा बिघडलेला समतोल.

आधी सगळे वॉश बंद. मग त्यांनी लिहून दिलेलं अँटिबायोटिक, मेट्रोनिडाझोल ५०० मिग्रॅ, दिवसातून दोनदा, पूर्ण ७ दिवस (तिसऱ्याच दिवशी वास गेला, तरी गोळ्या सोडल्या नाहीत). आता धुणं फक्त बाहेरून, साध्या पाण्याने, पुढून मागे. आत काहीच नाही. तिथले लॅक्टोबॅसिलस हे चांगले जीवाणू आम्ल तयार करून जागा राखतात, आणि मी तेच धुऊन काढत होते! पुढची पाळी बिनवासाची गेली.